हरायचंच होतं तर...

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पोहरादेवीचा. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखलं जातं. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला यात्रा भरते तेव्हा महाराष्ट्रातूनच नव्हे, तर तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातूनही लोक येतात. बंजारा नसलेली माझ्यासारखी काही घरंही इथल्या यात्रेवर जगतात.

आमचं घराणं मणियारांचं. अब्बा डोक्यावर पेटी घेऊन तांड्यातांड्यांत बांगड्या भरायला जायचे. बांगडी भरायची तर बाईचा हात हातात घ्यावा लागतो. परक्या माणसाच्या हातात ती हात कसा देईल? अब्बांनी त्यावर एकच उपाय शोधला. त्यांनी तिची बोली शिकून घेतली. घरात आमची वऱ्हाडी वळणाची उर्दू, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि तांड्यात गोरबोली. अशा चार बोलींत मी वाढलो. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कविता करू लागलो, पण पोट बांगड्यांवरच राहिलं. कवितेवर कुणाचं भरलंय?

आज मला तुम्हाला एका स्पर्धेची गोष्ट सांगायची आहे. खरं तर तीन स्पर्धांची. त्यातली एक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, दुसरी तुमच्यापैकी फार थोड्यांनी, आणि तिसरी मी आणि आमच्या गावच्या पाचपंचवीस माणसांनी.

पहिली स्पर्धा म्हणजे झी मराठीवरचं 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. २००८ सालचा पावसाळा संपता संपता त्याने महाराष्ट्राला वेड लावलं, ते फेब्रुवारी २००९ पर्यंत. पल्लवी जोशी बोलायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण द्यायचे, आणि शेवटी उरली ती पाच मुलं. पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे. नावं आजही पाढ्यासारखी पाठ आहेत, नाही का?

त्या काळात मी दुकानात मोबाइलच्या रिचार्जची कुपनं ठेवू लागलो होतो. एका बाजूला बांगड्यांच्या माळा, दुसऱ्या बाजूला नखाने खरवडायची कुपनं. मत द्यायचं एसएमएसने, आणि तो एसएमएस साध्या संदेशापेक्षा महाग. त्यामुळे कोण कुणासाठी किती पैसे घालवतो याचा हिशेब गावात सगळ्यांत आधी मला कळायचा. भारनियमनाचे दिवस होते. कार्यक्रमाच्या वेळी वीज असेलच असं नाही. शेजारच्या चहाच्या हॉटेलवाल्याने टीव्हीसाठी बॅटरी आणून ठेवली होती. वीज गेली की बॅटरी, आणि बॅटरी संपली की चर्चा.

ती चर्चा ऐकण्यासारखी असायची. गाण्यावर कमी आणि 'चान्स'वर जास्त. "पुन्यात फोन किती, आन् लातुरात किती? हिशेब कर ना बाप्पा." "आळंदीचं नाव निघालं की अख्खे वारकरी एक होतात. कार्तिकीले कोन अडवते?" "मुग्धा लहान हाय. लहान लेकराले बाया मत देतात." एक जण तर वहीत आकडे मांडायचा. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "आपल्या विदर्भाचं कोनीच नाई ना राजे हो त्या पाचात." यावर वहीवाला म्हणाला, ते मला आजही आठवतं. "म्हनूनच आपलं मत सगळ्यात खरं. आपल्याले कोनी आपलं नाई. आपन फक्त गानं आयकून मत देऊ शकतो."

शेवटी कार्तिकी जिंकली. कुणाला पटलं, कुणाला नाही. आठ दिवस वाद चालला आणि लोक आपापल्या कामाला लागले. तांड्यातली अर्धीअधिक माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली होती. त्यांना निकाल कळला तो परत आल्यावर.

आता तिसरी स्पर्धा सांगतो. दुसरी मुद्दाम मागे ठेवली आहे.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिची जिवाभावाची मैत्रीण जवळच्या तांड्यावरची. दोघी एकाच बाकावर बसायच्या. लिटिल चॅम्प्स पाहून दोघींनी गाण्याचा ध्यास घेतला. मैत्रिणीची आजी, जिला लहानथोर सगळे 'याडी' म्हणत, तिच्याकडे लेंग्यांचं भांडार होतं. लेंगी म्हणजे होळीच्या दिवसांत तांड्यात फेर धरून म्हणतात ते गाणं. अर्धी ओळ एकीने टाकायची, अर्धी दुसरीने उचलायची. त्या होळीला याडीने दोघींना एक जुनी लेंगी शिकवली. तिची गोष्ट साधी. भाऊ बैलांच्या पाठीवर मीठ लादून लदेणीला गेला आहे, आणि घरी थांबलेली बहीण तो कुठवर पोहोचला असेल याचा अंदाज बांधत वाटेतली गावं एकेक करून मोजते आहे. एक जण गावाचं नाव घेते, दुसरी तिथे भाऊ काय करत असेल ते सांगते. माझ्या मुलीची गोरबोली मैत्रिणीइतकीच स्वच्छ होती. डोळे मिटून ऐकलं तर कोणती कुणाची मुलगी हे कळत नव्हतं.

उन्हाळ्यात बाहेरगावी मुलांची गायनस्पर्धा जाहीर झाली. युगुलगीताचाही गट होता. कोणत्या गावी, कुणी भरवली, ते सांगत नाही. त्याने काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. दोघींनी नाव दिलं आणि हॉटेलासमोरची चर्चा पुन्हा सुरू झाली. तेच लोक, तीच वही. फक्त आता स्पर्धक घरचे होते.

"पोरी चांगल्या म्हनतात, पन गोरबोली परीक्षकाले समजल काय?" "लोकगीतात बसवतीन." "लोकगीताले बक्षीस दिलेलं कवा पायलं तू?" "एक मुसलमानाची, एक बंजाऱ्याची. लोकायले कौतुक वाटन." "कौतुक वाटन, नंबर नाई देनार." असं सगळं चाललेलं. मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो आणि मनातल्या मनात आकडे जुळवत होतो.

इथे थोडं माझ्याविषयी सांगितलं पाहिजे. कविसंमेलनात मी कविता वाचून खाली उतरलो की कुणी ना कुणी भेटतंच आणि पाठीवर थाप मारून म्हणतं, "वा! तुम्ही मराठी छान बोलता हो." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ती थाप पाठीवर बराच वेळ राहते. माझा जन्म इथला, माझ्या आजोबांच्या कबरीवरची माती इथली, बी.ए.ला मी ज्ञानेश्वरी शिकलो, आणि तरी माझी मराठी ही 'छान' असावी लागते. दुसऱ्याची नुसती असली तरी चालते. मुशायऱ्यात गेलो तर तिथे विचारतात, "आप उर्दू में क्यों नहीं लिखते?" म्हणजे दोन्ही मंडपांत माझा चान्स लोक आधी मोजतात आणि कविता मग ऐकतात.

हे सगळं अंगावर घेतलेला मी. त्या मुलींना मी काय सांगायला हवं होतं? आणि सांगितलं काय?

स्पर्धेच्या चार दिवस आधी मी दोघींना दुकानात बसवलं आणि म्हणालो, "बेटा, लेंगी राहू द्या. सगळ्यांना माहीत असलेलं एखादं मराठी गाणं घ्या. परीक्षकांना चटकन कळेल. चान्स वाढेल."

मैत्रीण काही बोलली नाही. माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, पण आमचं तर हेच पाठ आहे." मी म्हणालो, "चार दिवस खूप झाले." मीच गाणं निवडून दिलं. चार दिवस कॅसेट लावून बसवून घेतलं.

स्पर्धेत दोघी व्यवस्थित गायल्या. कुठे चुकल्या नाहीत. नंबर मात्र आला नाही. निकालानंतर मी एका परीक्षकांना भेटलो. भला माणूस होता. म्हणाले, "मुली सुरात आहेत. पण हे गाणं सकाळपासून सातव्यांदा ऐकलं हो. काही वेगळं आणलं असतं तर..."

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मलाही ऐकायचं नव्हतं.

परत आलो तेव्हा याडी दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. नंबर आला नाही हे कळल्यावर तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. पण कोणतं गाणं म्हटलं ते कळल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली आणि तिच्या बोलीत म्हणाली, "हरायचंच होतं तर आपलं गाणं म्हणून हरायचं होतं, बाबा. आता पोरी हरल्या की तुझं गाणं हरलं, कसं कळायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ती मागे ठेवलेली स्पर्धा. २०१५च्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो कॉम्प्युटरच्या कामासाठी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी होता. म्हणाला, "मामू, इथे ऑफिसात अगदी आपल्या हॉटेलासारखं चाललंय. कुणी काम करत नाही. सगळे चान्स मोजतायत." युरोपात 'युरोव्हिजन' नावाची गायनस्पर्धा असते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सात देशांनी ती सुरू केली. 'आबा' हा स्वीडनचा वाद्यवृंद जगाला ठाऊक झाला तो १९७४ साली हीच स्पर्धा जिंकून. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो आणि बाकीचे देश त्याला गुण देतात. सर्वांत आवडलेल्या गाण्याला बारा, मग दहा, मग आठपासून एकपर्यंत.

त्या वर्षी चेक देशाने एक युगुलगीत पाठवलं होतं. मार्टा यांडोवा आणि वात्स्लाव्ह नोइड बार्ता हे दोघं ते गाणार होते. मार्टा जर्मनीतल्या एका रॉक बँडची गायिका, म्हणून कुणी म्हणे जर्मन लोक मत देतील. कुणी म्हणे आपला सख्खा शेजारी स्लोव्हाकिया यंदा स्पर्धेतच नाही, मग हक्काची मतं आणायची कुठून? कुणी म्हणे पोलंड देईल. भाचा सांगत होता आणि माझ्यापुढे आमचा वहीवाला उभा राहिला.

पण भाच्याने सांगितलेल्या एका नियमाने मी थांबलो. या स्पर्धेत स्वतःच्या देशाला मत देता येत नाही! चेक माणसाने कितीही पैसे खर्च केले तरी चेक गाण्याला त्याचं मत पडत नाही. त्याला दुसऱ्याचंच गाणं ऐकावं लागतं आणि त्यातून निवडावं लागतं. आमचा वहीवाला जे हॉटेलात सहज बोलून गेला होता, ते त्यांनी नियमात लिहून ठेवलेलं. अर्थात लोक त्यातूनही वाट काढतात, शेजारी शेजाऱ्याला देतो, परदेशी गेलेला तिथून मायदेशाला देतो. माणूस इथून तिथून सारखाच. तरी नियम मला आवडला.

२१ मे २०१५ रोजी व्हिएन्नात उपांत्य फेरी झाली. सतरा गाण्यांतून दहा पुढे जायची होती. चेक जोडी ३३ गुण मिळवून तेरावी आली आणि बाहेर पडली. गाणं इंग्रजीत होतं. या स्पर्धेत आपल्याच भाषेत गायलं पाहिजे हा नियम कधी होता, कधी नव्हता. १९९९ पासून तो नाही, आणि तेव्हापासून बरेच देश चान्स वाढावा म्हणून इंग्रजीत गातात.

मी भाच्याला विचारलं, "याआधी या देशाचं काय झालं होतं?" त्याने ऑफिसातल्या मित्रांना विचारून सांगितलं. २००७ साली हा देश पहिल्यांदा उतरला. काबाट नावाच्या बँडने चेक भाषेत गाणं म्हटलं. मिळाला एक गुण. आणि २००९ साली 'जिप्सी डॉट सीझेड' नावाचा बँड गेला. त्यात रोमा लोक होते. गाण्याचं नावही रोमानी भाषेतलं, 'अवेन रोमाले', म्हणजे 'या, रोमांनो, या'. १२ मे २००९ रोजी मॉस्कोत उपांत्य फेरीत त्यांना किती गुण मिळाले असतील? शून्य. अठरांत अठरावे. त्यानंतर चेक टीव्हीने पाच वर्षं या स्पर्धेत भागच घेतला नाही.

श्रोतेहो, मे २००९. तोच महिना, ज्या महिन्यात मी दोन मुलींच्या तोंडून त्यांचं गाणं काढून घेतलं होतं.

रोमा लोक मूळचे आपल्याकडचे. त्यांची भाषा भारतीय कुळातली आहे हे अभ्यासकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच ओळखलं होतं. हजारएक वर्षांपूर्वी ते इथून निघाले. पण पाण्याला ते अजून पानी म्हणतात, कानाला कान म्हणतात, आणि मोजताना एक, दुय, त्रीन म्हणतात. तांड्यात अनेक जण त्यांना आपले दूरचे भाऊबंद मानतात. तसं थेट नातं सिद्ध झालेलं नाही, आणि मी कवी आहे, इतिहासकार नाही. पण याडीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "आपलं गाणं म्हणून हरले ना?" मी म्हटलं, "हो. इंग्रजी बरंच मिसळलं होतं, पण साद आपलीच घातली." ती म्हणाली, "मग ठीक आहे."

ठीक आहे का? मी प्रामाणिकपणे सांगतो, मला ते तितकं सोपं वाटत नाही. आकडे पाहिले तर चेक भाषेला एक गुण, रोमानी सादेला शून्य, आणि इंग्रजीला तेहेतीस. २०१६ साली याच देशाची गायिका इंग्रजीत गाऊन पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचली, आणि २०१८ साली इंग्रजी गाणंच सहावं आलं. मी मुलींना दिलेला सल्ला म्हणजे अगदीच मूर्खपणा होता असं आकडे म्हणत नाहीत. पण हेही खरं की २०१७ साली पोर्तुगालचा एक हडकुळा गायक आपल्या बहिणीने रचलेलं पोर्तुगीज गाणं हळू आवाजात गायला, आणि १९६४ पासून खेळत असलेला तो देश पहिल्यांदा जिंकला. २०२३ साली चेक मुलींच्या गटाने आपल्या गाण्यात पुन्हा चेक भाषा आणली आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. म्हणजे चान्सचं गणित कुणालाच पक्कं येत नाही. आधी सांगणारे सगळे हॉटेलातलेच.

माझी चूक मी चान्स मोजला ही नव्हे. चाहते चान्स मोजणारच, त्यात गंमत आहे. माझी चूक अशी की मी चाहता असताना परीक्षक झालो. तोही परीक्षकांच्या आधी. त्या मंडपात लेंगी कुणी नाकारलीच नव्हती. ती तिथवर पोहोचलीच नाही. ज्या दारात मला आयुष्यभर थांबवलं गेलं, त्या दारात मी स्वतः जाऊन उभा राहिलो, दोन लहान मुलींना अडवायला.

याडी २०१७ साली गेली. माझी मुलगी आता शाळेत शिकवते. मैत्रीण लग्न होऊन दूर गेली. २०२४च्या ऑक्टोबरात आमच्या गावात बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे. ती पाहायला म्हणून मैत्रीण आपल्या लेकीला घेऊन आली. माझी मुलगीही माहेरी होती. मी त्या छोटीला बांगड्या भरत होतो आणि दोघी मागे माळांच्या आडोशाला बसून बोलत होत्या. बोलता बोलता एकीने ती लेंगी काढली. दुसरीने उचलली. गिऱ्हाइकं थांबली. मी छोटीचा हात हातात धरून तसाच बसलो.

पहिलं गाव झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं झालं. आणि दोघी थांबल्या. पाचव्या गावाचं नाव दोघींनाही आठवेना. एक म्हणे 'क'पासून आहे, दुसरी म्हणे नाही. मला विचारलं. मी ती लेंगी त्या होळीला दहा वेळा तरी ऐकली होती. पण मलाही आठवलं नाही. तांड्यात विचारलं. याडीच्या वयाची बाई आता उरलेली नाही आणि बाकीच्यांना ही लेंगीच माहीत नाही. भाऊ चौथ्या गावी बैल सोडून बसला आहे आणि तिथून पुढे त्याला नेणारं कुणी नाही.

म्हणून आज तुमच्याशी बोलायला आलो. मीठ घेऊन लदेणीला गेलेल्या भावाची ही लेंगी तुमच्या तांड्यात, तुमच्या घरात कुणा म्हातारीला येत असेल, तर तिला पाचवं गाव विचारा. पोहरादेवीला आलात तर बांगड्यांच्या दुकानात मणियार कवी म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. नाव सांगा. बाकीची लेंगी आम्ही लिहून ठेवली आहे. तेवढी जागा वहीत कोरी आहे.

नमस्कार.